रेवलीच्या कडेवरचं पोर

देवपूर, धुळे
२६ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

लिहून दे म्हणालास ना? घे, दिलं लिहून.

भाऊबीजेला ओवाळायला आले, तर तू पाटावर बसलास, टिळा लावून घेतलास, ताटात ओवाळणी टाकलीस आणि माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणालास, "हिले सांग, मन्हासंगे बोलनं व्हई ते लिखी दे म्हना. हिना खाताले लिखेलंच समजस." माय तिथेच होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी तशीच उठले. पारोळ्याच्या स्टँडपर्यंत मनातल्या मनात तुला इतकं सुनावलं, की एसटीत बसल्यावर सुनावायला काही उरलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या पडावावर, फडाशेजारच्या त्या झोपड्यांवर, सरकारी गाडी आली, ती माझ्याच सांगण्यावरून आली होती. तुझ्या टोळीतली पोरं उसाच्या फडात मोळ्या बांधत होती, ती आम्ही उचलून आणली. तुझ्यावर केस झाली, ती चालू आहे, आणि साक्षीदारांत माझं नाव आहे. ह्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आताही मागत नाही. तू मुकादम आहेस आणि ती पोरं तुझ्या जबाबदारीवर होती. मी बहीण आहे म्हणून दुसरीकडे बघायचं, असं तुझं म्हणणं असेल तर ते तूही मला लिहून दे.

पण आज भांडायला बसले नाहीये. काम आहे.

मी नक्की काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. आपली माणसं ऊस तोडायला गुजरातला जातात आणि पोरं सोबत जातात. इकडच्या शाळेत म्हणतात पोर तिकडे गेलं, तिकडच्या शाळेत म्हणतात हे आमचं नाही. मधल्या मध्ये ते पोर कुणाचंच राहत नाही. म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून एक कक्ष काढलाय. धुळ्याच्या टेबलावर मी, सुरतेच्या टेबलावर हेमांगीबेन. यंदा आम्ही सरळ वाटणी केलीय. सहा वर्षांवरची पोरं आईबापांसोबत जाणारच नाहीत, ती इथे हंगामी वसतिगृहात राहतील आणि शाळा शिकतील. सहाच्या आतली आईसोबत जातील, त्यांचं गुजरातच्या अंगणवाड्या बघतील. ही वाटणी बैठकीत मीच मांडली. दोन्हीकडच्या साहेबांनी माना डोलावल्या.

तुझ्या टोळीतल्या गुंताबाईची रेवली आता अकराची झाली. पाचवीत आहे, आणि खरंच हुशार आहे, मी तिची वही पाहिलीय. ती इथेच राहू दे. मी गुंताबाईला समजावून आले, तर तिचं एकच, "मन्हा दित्याले कोण देखी?" दित्या म्हणजे तिचं तान्हं. त्याला दिवसभर रेवलीच कडेवर घेऊन असते. मी सांगितलं, तिथे अंगणवाडी आहे. तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू एक शब्द टाक.

नवलची गाडी तुझ्या पडावावर किराणा घेऊन जाते, ती सुरत रस्त्यावर चहाला थांबते. यापुढे पत्रं त्याच्याकडेच देईन.

जोसना


धुळे
३० नोव्हेंबर २०२५

भाऊ,

शब्द टाकलास तू, पण कसा टाकलास.

ट्रक भरत आला होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं सगळी वर चढली होती. रेवली मागच्या फळीला टेकून बसली होती, दित्या तिच्या मांडीवर. मी खाली उभी. तू ड्रायव्हरच्या बाजूने आलास आणि सगळ्या ट्रकला ऐकू जाईल असं म्हणालास, "सरकारनी पोर उतारा रे." लोक हसले. गुंताबाई हसली नाही. तिने दित्याला ओढून घेतलं, तशी रेवली आपणहून उतरली. ट्रक वळेपर्यंत दित्या रडत होता आणि ती हात तसेच पुढे धरून उभी होती.

पोहोचल्यावर तुझं काही कळलं नाही. वहिनीला फोन केला तर म्हणाली, ते मजेत आहेत. मजेत म्हणजे काय, देव जाणे.

रेवली इथे बरी आहे, असं मी गुंताबाईला सांगायचं ठरवलं होतं. तुला मात्र खरं सांगते. ती जेवते, अभ्यास करते, गणितात सगळ्यांच्या पुढे आहे. पण वसतिगृहाच्या प्रमिलाबाई सांगतात, ती सरळ उभी राहत नाही. एका बाजूला कंबर काढून उभी राहते, पोर घेतल्यावर उभं राहतात ना, तशी. रात्री दप्तर ओढणीत बांधून कुशीत घेते. बाकीच्या पोरी चिडवतात. परवा मी गेले तर तिने मला एवढंच विचारलं, "मॅडम, दित्या आता रांगत असेल?" मी म्हटलं, हो, रांगत असेल. तर तिचं तोंडच उतरलं. मला वाटलं होतं ती खूश होईल.

तू असंच उभा राहायचास, आठवतं? माय कापूस वेचायला जायची आणि मी तुझ्या कडेवर. मला आठवायचं कारण नाही, मी लहान होते. पण माय सांगते, वेचणी संपली तरी तू वाकडाच चालायचास.

दित्याची खबर कळव. दोन ओळी लिही. नाही लिहायच्या तर नवलजवळ तोंडी सांग. माझ्यासाठी नको, पोरीसाठी.

जोसना


धुळे
१८ जानेवारी २०२६

भाऊ,

काल रात्री वहिनीचा फोन आला. दित्याचा हात भाजला म्हणाली. चुलीतले निखारे. उजवा हात, पार मनगटापर्यंत.

आमच्या कक्षाला काही कळलं नाही. दोन राज्यांचा कक्ष, दोन्हीकडे संगणक, दर सोमवारी बैठक, आणि कळतं कुणाकडून, तर स्वयंपाकघरातून वहिनीकडून. ती म्हणाली, गुंताबाई अंधारातच फडावर गेली होती, पोर गोधडीत झोपलेलं होतं. उठलं आणि रांगत चुलीकडे गेलं. शेजारच्या झोपडीतल्या पोरीने ओरडा ऐकला म्हणून वाचलं. आता गुंताबाई त्याच्या पायाला दोरी बांधून खाटेला अडकवून जाते. तूच त्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलंस, हेही वहिनीच म्हणाली.

मी सकाळी हेमांगीबेनला फोन लावला आणि बिचारीवर तोंड टाकलं. म्हटलं, तुमची अंगणवाडी काय करत होती? ती शांतपणे म्हणाली, "बेन, तीन वर्षांच्या आतलं बाळ आम्ही बसवून घेत नाही, घरी खाऊची पाकिटं देतो. तुमच्याकडे बसवतात का?"

नाही बसवत. आपल्याकडेही पाकिटंच देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, भाऊ. माझी निम्मी नोकरी अंगणवाड्या बघण्यात गेलीय. तरी मी बैठकीत उभी राहून म्हणाले, सहाच्या आतली अंगणवाडी बघेल. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. वाटणी इतकी सोपी दिसत होती की कुणाला ती मोडावीशी वाटली नाही. रेवली आमच्याकडे, दित्या त्यांच्याकडे. दोघं मिळून एकच होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वहिनीने तुझा निरोपही दिला. होळीला टोळी गावी येईल, होळी झाली की परत फडावर जाईल, तेव्हा गुंताबाई रेवलीला सोबत घेऊन जाणार. पोरगी तयार ठेव म्हणालास. आणि आणखी एक म्हणालास, ते वहिनी सांगत नव्हती, मी खोदून काढलं. "तिले सांग, माले सोडावाले कोनी उनं नही, म्हनीसन ती आज खुर्चीवर बठेल शे."

तुला सोडवायला कुणी आलं नाही, हे ऐकून मी काय करावं असं तुला वाटतं? रडावं? तू चौथीतून शाळा सोडलीस आणि मी अमळनेरच्या कॉलेजात गेले, हे मला रोज आठवावं म्हणून तुला मुद्दाम सांगायची गरज नाही. आणि म्हणूनच मी रेवलीला सोडणार नाही. एका घरात एकाने वाकडं व्हायचं आणि एकाने शिकायचं, हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. पण मग दित्याचं काय, हे तू विचारशील. मीही सकाळपासून तेच विचारतेय.

हात कसा आहे ते कळव. बोटं मोकळी आहेत ना?

जोसना


धुळे
८ फेब्रुवारी २०२६

भाऊ,

हे पत्र वाचून झालं की जाळ. किंवा नको जाळू, आधी पूर्ण वाच आणि मग तुला वाटेल ते कर.

परवा वसतिगृहात पाहुणे आले होते. दोन्ही राज्यांचे मोठे साहेब, दिल्लीचे लोक, आणि पोरांच्या हक्कांसाठी देशोदेशी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई. आमचा कक्ष म्हणे नमुना आहे, इतर राज्यांनाही दाखवायचा आहे. दारात रांगोळी, पोरींच्या वेण्यांना नव्या रिबिनी. रेवलीला पुढे बसवलं होतं, कारण गणितात पहिली. त्या बाई चांगल्या होत्या, खाली तिच्यासमोर बसल्या आणि हिंदीत विचारलं, तुला पुढे काय करायचंय? रेवली हळूच म्हणाली, "मला दित्याजवळ जायचंय." बाईंना मराठी कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "टीचर बनना चाहती है."

टाळ्या पडल्या. रेवलीला तेवढं हिंदी येतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. मी खाऊ नेला, तो तिने शेजारच्या पोरीला दिला. तू आणि ती, दोघांनी मिळून मला वाळीत टाकलंय.

त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, पडावावर पाळणाघर पाहिजे. पोरांना अंधारात घ्यायचं, आया परत येईपर्यंत ठेवायचं. साहेब म्हणाले, जागा गुजरातची, आपण तिथे कसं चालवणार? हेमांगीबेनच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, मजूर महाराष्ट्राचे, आम्ही कुठल्या खात्यातून चालवणार? दोघंही खोटं बोलत नव्हते. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेऊ म्हणाले. पुढच्या वर्षी दित्या चालायला लागलेला असेल.

मग मी म्हटलं, पडावाची जागा मुकादमाच्या ताब्यात असते, त्याला सोबत घेऊ. साहेबांनी नाव विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, ज्याच्यावर आपणच केस केलीय त्याचं नाव सरकारी कागदावर? आणि तुम्ही साक्षीदार आहात. त्याच्याशी तुमचा कसलाही संबंध दिसला तर केसही जाईल आणि तुम्हीही जाल."

तर आता ऐक. सरकारी कागदावर जे लिहिता येत नाही ते मी तुला ह्या कागदावर लिहिते.

तुझी स्वतःची झोपडी मोठी आहे, पत्र्याची आहे, चुलीपासून लांब आहे. ती पोरांसाठी मोकळी कर. टोळीतल्या सुंदरबाईला ऊस तोडणं झेपत नाही, असं तू दरवर्षी म्हणतोस आणि दरवर्षी तिला नेतोस. तिला तोडीवरून काढ आणि पोरांजवळ बसव. तिची मजुरी बुडू देऊ नकोस. तुझं नुकसान होईल, मला कळतं. दूध, खाऊ, झोळ्यांचं कापड हेमांगीबेन कुणालाही न सांगता पोहोचवणार आहे, तिचीही नोकरी त्यात अडकली आहे. तू हे केलंस तर होळीला मी गुंताबाईच्या डोळ्यांत बघून म्हणू शकेन, की पोरगी राहू दे. नाही केलंस तर मी स्वतः रेवलीला त्या ट्रकमध्ये बसवीन. दुसरा हात भाजायची वाट मी बघणार नाही.

हे पत्र तुझ्या वकिलाला दिलंस तर तू सुटशील. साक्षीदार बाई आरोपीला पत्रं लिहिते, त्याच्याकडे मदत मागते, असं त्याने कोर्टात वाचून दाखवलं की झालं. मला हे ठाऊक आहे. लिहून दे म्हणालास, म्हणून लिहून दिलं. खाली सहीसुद्धा पूर्ण करते.

ज्योत्स्ना


धुळे
२२ फेब्रुवारी २०२६

भाऊ,

आज नवलने माझं पत्र परत आणून दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, वर काजळीचा अंगठा. फडात ऊस जाळतात त्याची काजळी असणार. मी विचारलं, काही बोलले का? तो म्हणाला, "मुकादमनी सांगेल शे, हाई कागद तुम्हनापाशीच ऱ्हाऊ द्या. मन्हाजोडे सापडना ते तिन्ही नोकरी जाई."

बाकी काही नाही? बाकी काही नाही.

मी चहाच्या टपरीवर उभी राहून त्या पोराला नाही नाही ते बोलले. तो बिचारा कप धरून ऐकत राहिला. माझी नोकरी सांभाळलीस, उपकार झाले. मी तुझ्याकडे नोकरी मागितली होती का? मी एक झोपडी मागितली होती. घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं, आणि मलाच माझी लाज वाटली, कशाची ते नीट सांगता येत नाही.

प्रमिलाबाईंना सांगून ठेवलंय, रेवलीचं सामान बांधा. गणिताची पुस्तकंही त्यात घालायला सांगितली.

जोसना


देवपूर, धुळे
६ मार्च २०२६

भाऊ,

तू आता गावी आहेस, इथून तासाभराच्या वाटेवर, आणि मी तुला पत्र लिहितेय. वहिनी हसेल. हसू दे.

होळीच्या आदल्या दिवशी तू मला वसतिगृहासमोर बघितलंस, मी तुला बघितलं, आणि आपण दोघं जे झालं ते बघत उभे राहिलो. त्यावर आपण बोललो नाही. मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागत नाही, आणि ते तू सोडून कुणाला कळायचं?

रेवली सकाळपासून रस्त्यावर उभी होती. बाजारातले ढोल ऐकू येत होते, बाकीच्या पोरी तिकडे पळाल्या, ही हलली नाही. तिचं गाठोडं माझ्या पायाशी. ट्रक आला, गुंताबाई उतरली, आणि रेवली अशी धावली की ओढणी मागे रस्त्यातच पडली. तिने दित्याला आईकडून घेतलं आणि थेट कडेवर ठेवलं. कंबर आपोआप बाजूला गेली.

आणि तो रडायला लागला. नुसता रडला नाही, तिला ढकलायला लागला. तिने त्याला झुलवलं, त्याच्या कानात काहीतरी गुणगुणली, नेहमीचं असणार. तो मागे वळून वळून कुणाला तरी शोधत होता. मला वाटलं, आईला. गुंताबाई समोरच होती, तिच्याकडेही गेला नाही. मग तू ट्रकच्या पुढून आलास, आणि त्याने तो भाजलेला हात तुझ्याकडे पसरला. पाचही बोटं सुटी. मी मोजली.

तू त्याला घेतलंस. सवयीने घेतलंस, तेव्हाच मला कळलं. तुझ्या शर्टात तोंड खुपसून तो गप्प झाला. सुंदरबाई तुझ्या मागून उतरली, तिच्या पाठीला आणखी एक लेकरू, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मुकादम बाहेर झोपस ना आते. त्यानी खोलीमा बठ्ठा पोरं." म्हणजे तू झोपडी सगळ्या पोरांना देऊन टाकली होतीस. पट्टी बदलायला तू त्याला एक दिवसाआड नेत होतास, हेही तिनेच सांगितलं. आणि मी टपरीवर उभी राहून तुला शिव्या देत होते. एका शब्दाने कळवायचं तरी. नाही, तू मेलास तरी कळवणार नाहीस.

मला त्या क्षणी तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण माझं लक्ष रेवलीकडे गेलं, आणि तुझंही. ती हात तसेच पुढे धरून उभी होती, ट्रक निघाला होता तेव्हासारखी. तू म्हणालास, "रडू नको, पोरी. त्याले याद येई." ती रडत नव्हतीच. तिने रस्त्यातून ओढणी उचलली, झटकली, नीट खांद्यावर घेतली. मग माझ्याकडे आली. महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "मॅडम, गाठोडं परत ठेवा. मी इथेच राहते. त्याला आता माझी गरज नाही."

आणि भाऊ, ती सरळ उभी होती.

गुंताबाईने हो म्हटलं. काल टोळी सुंदरबाईसोबत परत गेली, तू दोन दिवसांनी जाणार; दित्या गेला, रेवली राहिली. आज मी कक्षाचा अहवाल भरला, इच्छेने थांबलेलं मूल, एक. साहेब म्हणाले, शाब्बास. हेमांगीबेनने तिकडून पेढ्याचं चित्र पाठवलं. मला हवं होतं ते सगळं झालं, अगदी जसं हवं होतं तसं. मी सगळं घर झाडून काढलं, मग भांडी घासली, मग पुन्हा झाडलं. आनंद कुठे दिसेना.

तुझ्या केसमधली माझी साक्ष पुढच्या महिन्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मी जे बघितलं ते मी सांगणार, त्यात एक अक्षर बदलणार नाही, आणि तू बदल म्हणणारही नाहीस. पण यंदा जे बघितलं तेही सांगणार, कुणी विचारलं नाही तरी. परत आलेलं पत्र मी फाडलेलं नाही. ते सोबत घेऊन जाणार आहे. मग नोकरीचं जे व्हायचं ते होवो.

एक गोष्ट मात्र मी तुला आयुष्यात कधी विचारली नाही. ज्या दिवशी मला तुझ्या कडेवरून उतरवून शाळेत घातलं, आणि मी मागे न बघता आत पळाले असेन, मी पळालेच असेन, त्या दिवशी तू कुठे उभा होतास? तुझे हात कसे होते?

हे लिहून देऊ नकोस. नवलजवळ निरोपही नको. पोळी करून ठेवते, देवपूरला ये, आणि माझ्यासमोर बसून सांग.

तुझी
जोसना